चालू खेळण्यांची पूजा

आधी बाईंचं सांगते, मग बाकीचं. बाकीचं सांगायला लागले की माझी जीभ तिरकी चालते आणि त्या भरात बाई राहून जातात. बाई म्हणजे माझ्या लेकीच्या चौथीच्या वर्गशिक्षिका. उरणकडच्या, मोऱ्याच्या. अंगानं किरकोळ, आवाजानं दणदणीत, लग्न नुकतंच झालेलं. सावकाश बोलताना 'आहे' म्हणायच्या आणि घाईत आल्या की 'हाय' म्हणायच्या. मला त्यांच्या घाईतल्या बोलण्याचाच धीर वाटायचा. मी लातूरकडची. आमच्याकडंही माणूस घाईतच खरं बोलतो. बाई नसत्या तर माझी शाळा जिथं सुटली तिथंच माझ्या पोरीचीही सुटली असती. हे एवढं लिहून टाकलं, आता मोकळी झाले.

माझी शाळा चौथीला सुटली. गावात पाचवीचा वर्ग नव्हता आणि ओढ्यापलीकडच्या गावाला मुलीला पाठवायची रीत नव्हती. त्याबद्दल कुणी रडलं नाही, मीही नाही. त्याच महिन्यात घरची म्हैस व्याली होती आणि सगळे त्या आनंदात होते.

लग्नानंतर मी आले ती थेट नेरूळला. आमचे हे कळंबोलीच्या लोखंडाच्या बाजारात ट्रक भरून घ्यायच्या कामावर होते. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि खिडकीतून दिसेल तेवढी लाल माती असं आमचं घर. सोसायटीत दादर-गिरगावातून आलेले लोक होते, कोकणातले होते, पुण्याकडचे होते. सगळेच तिथं नवे. पण माझं नवेपण लांबून ओळखू यायचं आणि त्यांचं नाही, एवढाच काय तो फरक. मी जिना उतरताना सुद्धा भिऊन उतरायचे. कुणी 'काय हो, कशा आहात?' म्हटलं तरी आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचे.

शाळा दोन मोकळ्या प्लॉटांपलीकडे होती. तिथल्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या उन्हाळ्यात मोठ्या बाई कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या. आमच्याकडं जत्रेहून आलेलं पोर चार दिवस पिपाणी वाजवतं, मग पिपाणी मोडते आणि घर निवांत होतं. मोठ्या बाईंची पिपाणी सत्रभर वाजली. जूनमध्येच पालकांना बोलावून त्यांनी सांगितलं, ''या सत्रात चौथीचं सगळं शिक्षण एकाच विषयाभोवती फिरणार. विजेवर चालणारी खेळणी! मुलं खेळणी वापरणार नाहीत, मुलं खेळण्यांचं डिझाईन करणार.''

पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डिझाईन म्हणजे साडीच्या काठावर असतं ते, एवढंच मला ठाऊक होतं.

मग सगळ्या विषयांत वीज शिरली. गणितात आंबे-पेरू गेले आणि सेल आले. मराठीत 'मी बल्ब बोलतोय' हे आत्मवृत्त आलं. वर्गातले यच्चयावत बल्ब शेवटच्या परिच्छेदात फुटले आणि मरता मरता देशाला संदेश देऊन गेले. भूगोलात धरण काढलं. इतिहासाची मात्र पंचाईत झाली. किल्ल्यांवर मशाली होत्या आणि मशालींत सेल नव्हते, एवढ्यावर तो विषय उरकला. खुद्द शाळेत वीज होती, म्हणजे मीटर होता. पंखेही होते, पण लोड येतो म्हणून ते लावायचे नाहीत असा मोठ्या बाईंचा हुकूम होता. त्यामुळं विजेचं सगळं शिक्षण घामावर चाललं.

मी पोरीला सोडायला जायचे आणि तिथंच पायरीवर बसून राहायचे. प्लॉटांमधून कुत्री फिरायची. एकटीनं परत जायचं आणि पुन्हा यायचं म्हणजे दोनदा जीव मुठीत धरायचा. त्यापेक्षा पिशवीतून मेथी न्यायची आणि ती निवडत बसायची. एक दिवस बाई दारात आल्या.

''अहो ताई, भायेर कशाला बसता? आत या. वायर धरायला मानूस पायजे.''

''मी? मला काय येतंय बाई.''

''धरता येतं ना? मेथी धरता तशी वायर धरायची.''

अशी मी पुन्हा चौथीत बसले. शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. पोर पहिल्या दिवशी लाजली. दुसऱ्या दिवसापासून माझ्यावरच हुकूम सोडायला लागली, ''आई, नीट धर, हलवू नको.''

बाईंचं शिकवणं शिबिरातलं नव्हतं. एकदा त्यांनी सगळ्या वर्गाला हाताला हात धरून गोल उभं केलं. एक मुलगा सेल झाला, एक मुलगी बल्ब, बाकीची सगळी वायर. मला म्हणाल्या, ''ताई, तुमी बटन व्हा.'' मी हात धरला की बल्ब झालेली मुलगी दात काढून डोळे मोठे करायची, मी हात सोडला की मान टाकायची. माझ्या हातात एवढी सत्ता आयुष्यात कधी आली नव्हती. उगीचच चार वेळा जास्त विझवली मी तिला. आणि रोज तास सुटताना बाई वर्गाकडून एक वाक्य म्हणवून घ्यायच्या, पाढा म्हणवतात तसं: चालू विजेजवळ पाणी न्यायचं नाही, कुणी नेलं तर ओरडून सांगायचं. मला ते अजून पाठ आहे.

ऑगस्टमध्ये मोठ्या बाईंनी मला वर्गात बसलेलं पाहिलं. केबिनमध्ये बोलावणं आलं. मी चप्पल बाहेर काढून आत गेले. तिथं कुणी काढत नाही, हे आत गेल्यावर कळलं.

''तुमचं शिक्षण?''

''चौथी.''

''मिस्टरांचं?''

''ते नववी. म्हणजे, नववी बसले होते.''

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. जवळचं कुणी गेल्याची बातमी कळावी तसे. मग म्हणाल्या, ''हे बघा, आमची पद्धत आधुनिक आहे. यात घरचं मार्गदर्शन लागतं. प्रत्येक मुलाचं खेळणं नवरात्रात प्रदर्शनात असेल. तुमच्याकडे कोण करून घेणार?''

''तीच करेल. तिला येतं.''

''तेच म्हणते मी. नुसत्या मुलीला येऊन उपयोग नाही.'' हे वाक्य त्या बोलल्या, मी बनवत नाही. ''प्रदर्शन होऊ दे. नाही झेपलं तर दिवाळीनंतर दाखला घ्या. करावे गावात शाळा आहे. तिकडे एवढं काही नसतं.''

करावेच्या शाळेला नावं ठेवायला मला तोंड नाही. मी त्याहून लहान शाळेत, देवळाच्या ओसरीवर शिकलेली. पण दाखल झालेली पोर वेगळी आणि काढून दिलेली पोर वेगळी. त्यात तीही चौथीतच. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे जेवता जेवता म्हणाले, ''ती बाई काय येडी हाय का? पोरगी शिकतीय तर शिकू दे की.'' आणि भाकरी मागितली. त्यांना झोप लागली, मला नाही. दसऱ्यापर्यंत माझं असंच चाललं.

इकडे सोसायटीत कारखाना सुरू झाला. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांमधून बाप लोक यायचे ते चहा न घेता खेळण्यांवर बसायचे. एकानं क्रेन केली, तिला शिलाई मशीनची मोटर. एकानं कारंजं केलं. एकानं आगगाडी आणली, फोर्टातल्या दुकानातून, आणि तिच्यावरची जपानी अक्षरं ब्लेडनं खरवडून काढली. तेवढंच त्याचं डिझाईन. समोरच्या वहिनी मला कौतुकानं सांगायच्या, ''अहो, आमच्या ह्यांनी खेळण्यासाठी रजा टाकली! ऑफिसात टेन्शन आहे, पण म्हणाले, मुलाचं आधी.'' त्यांच्या मुलाला मात्र मी जिन्यात बसलेला पाहायचे. आतून आवाज यायचा, ''हात लावू नकोस रे! प्रोजेक्ट आहे ना तुझं ते?''

सेलवर चालणारं खेळणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. सगळ्यांनी एलिमिनेटर आणले. एलिमिनेटर म्हणजे सेलऐवजी भिंतीतल्या विजेवर खेळणं चालवायची डबी. कोणाचा मोठा यावर जिन्यात भांडणं झाली.

माझ्या लेकीनं बुटाच्या खोक्याचा ट्रक केला. बापाला विचारून विचारून केला, की ट्रकच्या मागं काय असतं, मागची फळी, म्हणजे फाळका, कुठं उघडतो. फाळका खाली पाडला की चॉकलेटच्या चांदीला चांदी लागायची आणि मागं लाल कागदातला टॉर्चचा बल्ब पेटायचा. का? तर म्हणे माल उतरवणाऱ्या माणसाला अंधारात दिसावं म्हणून. आमचे हे तो ट्रक हातात घेऊन बराच वेळ फाळका पाडत आणि लावत बसले. बाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, ''यो बरा हाय. याचं कारन हाय.'' त्यांच्याकडून एवढंच मिळायचं, पण मिळालं की आमची पोर आठवडाभर उड्या मारायची.

प्रदर्शन दसऱ्याच्या आदल्या दिवशी होतं. मोठ्या वर्गाला काळे पडदे लावले होते, दिवे उठून दिसावेत म्हणून. लांब टेबलांवर पांढऱ्या चादरी, चादरींखाली एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डांत बोर्ड. खुर्च्यांवर पालक आणि मधल्या सोफ्यावर शाळेला शेरा द्यायला आलेले शिक्षण खात्यातले एक साहेब, गळ्यात हार. आमचा ट्रक शेवटच्या टेबलाच्या टोकाला, दाराशी, जिथं चपला होत्या. सगळ्या मुलांना खेळण्यामागं हात मागं बांधून उभं केलं होतं. हात पुढं आले तर डिझाईन बिघडेल.

एवढ्यात आगगाडीवाल्या बापानं मुद्दा काढला, ''मॅडम, उद्या दसरा. ही म्हणजे यंत्रंच झाली. पूजा न करता चालवायची?''

सभेत कुजबुज झाली. खरंच की. कंपनीत सुद्धा खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून, हार घालून पूजा होते, मगच सुरू होतं. मोठ्या बाई आधुनिक होत्या, पण साहेबांच्या कपाळाला गंध होतं. त्यांनी गंधाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ''व्हाय नॉट? आपली संस्कृती आहे!'' शिपायाला नारळ आणायला पिटाळलं.

आता कंपनीत पूजा करताना मशीन बंद असतं. हे तिथं बसलेल्या प्रत्येक बापाला ठाऊक होतं, रोजचं त्यांचं कामच ते. पण मोठ्या बाई म्हणाल्या, ''सगळं चालू ठेवा! साहेबांना चालू खेळण्यांची पूजा दिसू दे.'' आणि एकानंही ब्र काढला नाही. साहेबांसमोर पहिलं कोण बोलणार? आगगाडीवाल्यानं खिशातून रुमाल काढून डोक्यावर घातला, तांब्या घेतला, आंब्याचं पान बुडवलं.

क्रेन वर-खाली होत होती. कारंजं उडत होतं. आगगाडी गोल फिरत होती. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, खणखणीत, ''काका, पाणी नका टाकू! वीज चालू आहे!''

माझी पोर होती. हात मागंच बांधलेले, पण मान पुढं काढून ओरडली. वर्गात शिकवलं होतं तसं, ओरडून.

सगळे वळले. मोठ्या बाई बोट ओठावर ठेवून म्हणाल्या, ''शूऽ! शुभकार्यात 'नको' म्हणू नये.'' काही जण हसले. आगगाडीवाला म्हणाला, ''बाळा, टेन्शन नको घेऊ, काका इंजिनीअर आहेत,'' आणि पान झटकलं. एकदा क्रेनवर, एकदा कारंज्यावर. तोवरही काही झालं नाही. देवाला दया आली असावी. मग त्यानं टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ आपटला आणि ते सगळं पाणी आगगाडीवर धरलं. अभिषेक.

चादरीखालून 'फट्ट' असा आवाज आला. निळं काहीतरी चमकलं. जळक्या रबराचा वास सुटला आणि सगळं गप्प झालं. क्रेन अर्ध्यात लटकली. लाऊडस्पीकर सुद्धा गेला. कुणाला इजा झाली नाही, हीच देवाची खरी कृपा.

पडदे काढायचं कुणाला सुचेना. सगळे बाप मीटरच्या खोक्याभोवती जमले. ''फ्यूज आहे.'' ''फ्यूज नाही हो, न्यूट्रल असणार.'' ''लोड! मी आधीच म्हणत होतो लोड!'' एवढे शिकलेले लोक त्या एका खोक्याभोवती उभे होते आणि खोक्याला हात कुणी लावत नव्हतं. साहेब पेढा खात बसले होते. त्यांनी विचारलं, ''पुढे काय आहे कार्यक्रमात?''

आणि मग ते सुरू झालं. समोरच्या वहिनीच म्हणाल्या, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू, ''पोरीनं टोकलं हो ऐन वेळी.''

''तर काय. चांगलं चाललं होतं.''

''घरात बोलायची पद्धत नसते ना, मग असं होतं.''

म्हणजे नारळाच्या पाण्यानं काही झालं नाही. माझ्या लेकीच्या जिभेनं वायर जळली. एवढ्या मोठ्या कंपन्या चालवणाऱ्या माणसांनी हे ऐकून माना डोलावल्या. कारण नाहीतर तांब्या कुणाच्या हातात होता ते म्हणावं लागलं असतं.

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. तिचं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. काही चुकलं नाही हे मला कळत होतं, आणि मी तिच्यापाशी जाऊन आमच्या चपला शोधायला लागले. मोठ्या बाई तिच्यापाशी आल्या आणि मला म्हणाल्या, ''मी तुम्हाला सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही आता. उद्याची सुट्टी झाली की दाखला घेऊन जा.''

मी पोरीचा हात धरला. दोघी दाराकडं वळलो सुद्धा होतो.

तेव्हा बाई उठल्या. त्या मागं खिडकीजवळ इतर शिक्षिकांत बसल्या होत्या. त्यांनी सर्रकन काळा पडदा ओढला, सगळ्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं. आणि साहेबांच्या पुढ्यात येऊन म्हणाल्या, घाईत, ''साहेब, ही पोर जे बोलली ते मी शिकवलंय. सत्रभर रोज म्हनवून घेतलंय. एकटीच्या लक्षात राहिलं, तीच पास हाय. तिला दाखला द्यायचा तं आधी माझा राजीनामा घ्या. आनि का घेतला ते तुमच्या शेऱ्यात लिहा.''

साहेबांचा पेढा हातातच राहिला. त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई हसल्या. इतकं घट्ट हसू मी पुन्हा पाहिलं नाही. ''अहो, दाखल्याचं कुणी काढलं? गंमत हो! मुलगी हुशार आहे आमची.''

'आमची' म्हणाल्या.

ट्रकचा फाळका कुणी पाडून पाहिला नाही. तो सेलवर होता, पेटला असता. पण साहेबांना पनवेलला जायचं होतं. शेरा चांगला मिळाला म्हणे, 'विज्ञान व संस्कृती यांचा सुरेख संगम'. मोठ्या बाईंनी तो शेरा फ्रेम करून केबिनमध्ये लावला.

लेक चौथी पास झाली, पुढं गेली. आता ती हायस्कुलात आहे, मला उलट उत्तरं देते आणि घरातला फ्यूज बांधते.

पण दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा वर्गात दुसऱ्याच बाई होत्या. मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, ''त्या टेम्पररी होत्या ना. पुढं नाही घेतलं.'' त्याच्या लेखी तेवढंच झालं होतं. मोठ्या बाईंनी साहेबांसमोर गिळलेलं सुट्टीत बाहेर काढलं होतं. मला वर्गात बसायला परत कुणी बोलावलं नाही आणि मीही दारापर्यंत गेले नाही. पायरीवरच बसले, आणि मेथी निवडता येईना.

बाई उरणकडच्या कुठल्या शाळेत लागल्या असं नंतर कानावर आलं. मी गेले नाही. मोऱ्याला एसटी जाते, वाट कुणी अडवलेली नाही. पण दारात उभी राहून म्हणू काय? ''माझ्या पोरीपायी तुमची नोकरी गेली, बऱ्या आहात ना?'' हे मनात म्हणून पाहिलं की एसटीचे पैसे मी परत डब्यात ठेवते. आणि त्या ओळखतील की नाही ही वेगळी धास्ती.

तरी मी ठरवलंय. आमच्याकडं उपकार फेडायचे ते अंगानं फेडतात. बाईंच्या घरी बाळंतपण निघो, आजारपण निघो, लग्नकार्य निघो, मला कळलं की मी पदर खोचून जाणार आणि गरज सरेपर्यंत तिथं राबणार. ह्यांना तसं सांगूनही ठेवलंय, तेवढे दिवस भाकरी स्वतः थापा. बाई 'नको ताई' म्हणतील. मी ऐकणार नाही. आज नाही जमलं, उद्या नाही जमलं, पण एक दिवस मी हे फेडणार.